जिथे पाणी, तिथे जंतू: प्रसाधनांतल्या प्रिझर्व्हेटिव्हबद्दल तुमचे प्रश्न

शाम्पू किंवा क्रीमच्या वेष्टनावरची घटकांची यादी कशी वाचायची, ते गेल्या वेळी सांगितलं होतं. त्यावर आलेले बहुतेक प्रश्न यादीच्या शेवटी येणाऱ्या नावांबद्दल आहेत: मिथाइलपॅराबेन, फिनॉक्सीइथेनॉल, सोडियम बेंझोएट. ही सगळी प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे उत्पादनात जंतू आणि बुरशी वाढू नये म्हणून घातलेले पदार्थ. प्रसाधनांची सूत्रं बसवणं हे माझं रोजचं काम आहे, आणि या विषयावर जितकी भीती पसरली आहे तितकी माहिती पसरलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न: जिकडे बघावं तिकडे ‘पॅराबेन-फ्री’ लिहिलेलं असतं. पॅराबेनमुळे स्तनांचा कर्करोग होतो हे खरं आहे का? माझ्या आईला हा आजार होऊन गेला आहे, त्यामुळे काळजी वाटते. (वाचक, नाशिक)

तुमची काळजी मी समजू शकते, म्हणून आधी थेट उत्तर देते. प्रसाधनांतल्या पॅराबेनमुळे माणसाला कर्करोग होतो, असं आजवर सिद्ध झालेलं नाही.

मग ही भीती आली कुठून? २००४ मध्ये इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी स्तनांतल्या गाठींचे २० नमुने तपासले आणि त्यांत अगदी सूक्ष्म प्रमाणात पॅराबेन सापडलं. निरोगी ऊतींशी तुलना त्यात केलेली नव्हती. इतकंच नाही, तर ज्यांत ऊती नव्हत्याच अशा तुलनेसाठीच्या कोऱ्या नमुन्यांतही पॅराबेन आढळलं होतं. पॅराबेनमुळे कर्करोग झाला असा आमचा दावा कुठेही नाही, असं संशोधकांनी नंतर स्पष्ट केलं. पण तोवर बातमी जगभर गेली होती.

दुसरा मुद्दा संप्रेरकांचा, आणि तो मी झटकून टाकणार नाही. काही पॅराबेन शरीरातल्या एस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची (हार्मोनची) नक्कल करतात. प्रयोगशाळेतल्या चाचणीत ब्युटाइलपॅराबेनचा हा प्रभाव खऱ्या एस्ट्रोजेनच्या दहा हजारांशाइतका भरला. म्हणजे तो फार क्षीण आहे, पण शून्य नाही. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, की सगळी पॅराबेन सारखी नसतात. रेणूची साखळी जितकी लांब, तितका हा गुण जास्त. युरोपीय संघाने २०१४ मध्ये नियम केले ते याच फरकावर. पुरेशी सुरक्षिततेची माहिती नसलेली पाच पॅराबेन त्यांनी बंद केली. प्रोपाइल आणि ब्युटाइल या दोघांची मिळून मर्यादा ०.१४ टक्क्यावर आणली आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या लंगोटाच्या भागात लावून ठेवायच्या उत्पादनांत त्यांना मनाई केली. डेन्मार्कने त्याआधीच, २०११ मध्ये, लहान मुलांच्या उत्पादनांतून ही दोन काढायला लावली होती. आखूड साखळीची मिथाइल आणि इथाइल मात्र पूर्वीच्याच मर्यादेत, प्रत्येकी ०.४ टक्क्यांपर्यंत, चालू राहिली. मला हा मार्ग योग्य वाटतो. सरसकट ‘पॅराबेन वाईट’ म्हणून मोकळं होण्यापेक्षा कोणतं, किती आणि कुणाच्या त्वचेवर हे पाहावं.

आईंचे संप्रेरकांशी संबंधित उपचार चालू असतील, तर त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा. मनाच्या समाधानासाठी पॅराबेन नसलेलं उत्पादन घेतलंत तरी काही बिघडत नाही. फक्त त्याच्या जागी काय घातलंय ते वाचा. का, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न: बाळासाठी ओले वाइप्स वापरते. बाळाला काही झालेलं नाही, पण माझ्याच बोटांना खाज येते, कातडी सोलवटते, भेगा पडतात. वाइप्सवर ‘पॅराबेन-फ्री’ लिहिलेलं आहे. (वाचक, पुणे)

यादीत ‘मिथाइलआयसोथायाझोलिनोन’ हे लांबलचक नाव आहे का, ते आधी पाहा. तज्ज्ञ त्याला एमआय म्हणतात.

एमआयची हकिगत प्रत्येक ग्राहकाला माहीत असावी असं मला फार वाटतं. पूर्वी ते एका जोडीदार रसायनाबरोबर अत्यल्प प्रमाणात वापरलं जायचं. २००५ मध्ये युरोपात ते एकट्याने ०.०१ टक्क्यापर्यंत वापरायला परवानगी मिळाली. नेमकी तेव्हाच पॅराबेनविरुद्ध हवा तापत होती, त्यामुळे अनेक कंपन्या एमआयकडे वळल्या. काही वर्षांत युरोपभरच्या त्वचारोग विभागांत रुग्ण वाढू लागले: पापण्या सुजलेल्या, हात फुटलेले, बाळांच्या बैठकीच्या जागी चट्टे आलेले. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संघटनेने एमआयला त्या वर्षाचा मुख्य ॲलर्जीकारक पदार्थ ठरवलं. २०१७ पासून युरोपात लावून ठेवायच्या उत्पादनांत त्यावर बंदी आली, आणि २०१८ पासून धुऊन टाकायच्या उत्पादनांत दहा लाख भागांत १५ भाग एवढीच मुभा उरली. याच संघटनेने २०१९ मध्ये पॅराबेनला ‘ॲलर्जी न आणणारा पदार्थ’ म्हणून जाहीर केलं. ज्याला लोक घाबरले ते त्वचेला सौम्य निघालं आणि त्याच्या जागी आलेल्याने हजारोंना त्रास दिला.

वाइप्स आपण धूत नाही, त्यातला द्राव बोटांवरच सुकतो. दिवसातून अनेकदा हे होत असेल तर ॲलर्जी जडायला पुरेसा वाव मिळतो. अर्थात सुगंधी द्रव्यं, भांड्यांचा साबण किंवा सतत पाण्यात हात असणं, यांपैकीही काही कारण असू शकतं, म्हणून अंदाजावर थांबू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट करून घ्या. संशयित पदार्थांचे छोटे ठिपके पाठीवर पट्टीखाली ४८ तास ठेवतात. पट्टी काढल्यावर एकदा आणि नंतर पुन्हा एकदा त्वचा तपासतात, कारण ही ॲलर्जी उशिरा उमटते. तोवर बाळासाठी कोमट पाणी आणि मऊ सुती कापड वापरा. तपासणीत एमआय निघालंच तर आणखी एक सांगून ठेवते. भिंतींच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगांतही या जातीची रसायनं असतात. दिवाळीआधी घराला रंग दिला की नुसत्या त्या खोलीत राहूनही अशा माणसांच्या चेहऱ्यावर पुरळ उठू शकतं.

प्रश्न: माझ्या शाम्पूत डीएमडीएम हायडँटॉइन आहे. हे म्हणजे फॉर्मॅलिनच का? (वाचक, नागपूर)

फॉर्मॅलिन, म्हणजे फॉर्मॅल्डिहाइड वायूचं पाण्यातलं द्रावण, नव्हे; पण त्यातून फॉर्मॅल्डिहाइड थोडं थोडं सुटत राहतं आणि तेच जंतूंना मारतं. इमिडाझोलिडिनाइल युरिया, डायझोलिडिनाइल युरिया ही त्याचीच भावंडं. फॉर्मॅल्डिहाइड श्वासावाटे मोठ्या प्रमाणात गेलं तर कर्करोगकारक आहे, यात वाद नाही. धुऊन टाकायच्या शाम्पूतून मिळणारी मात्रा त्या मानाने फार थोडी असते. खरी अडचण ॲलर्जीची आहे. युरोपात पूर्वी उत्पादनातलं फॉर्मॅल्डिहाइड ०.०५ टक्क्याच्या वर गेलं तरच वेष्टनावर इशारा द्यावा लागे. २०२२ च्या नियमाने ही रेषा ०.००१ टक्क्यावर आणली. टाळूला खाज किंवा मानेवर पुरळ येत असेल तर शाम्पू बदला. लावून ठेवायच्या क्रीममध्ये मी स्वतः हा गट वापरत नाही.

प्रश्न: आमचा बचत गट कोरफडीचं जेल करतो. गर मिक्सरमधून फिरवून, गाळून, उकळून त्यात व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल आणि कडुनिंबाचा अर्क घालतो. ‘नो केमिकल’ म्हणून प्रदर्शनात खप चांगला आहे. पण पावसाळ्यात दोन आठवड्यांत पाणी सुटतं, वास येतो. फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं तर पुरेल का? (वाचक, सांगली जिल्हा)

नाही पुरणार. तुमची मेहनत मला दिसते आहे, तरी सांगते: आहे तो माल आज विकू नका.

कोरफडीच्या गरात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असतं आणि उरलेल्या भागात साखरेच्या जातीचे पदार्थ. जंतूंना याहून चांगलं काय हवं? उकळल्याने त्या वेळचे बहुतेक जंतू मरतात, पण बाटली भरताना आणि पुढे गिऱ्हाईक रोज बोट बुडवताना नवे येतात. त्यांना रोखणारं आत काहीच नाही. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, जंतूंवर त्याचा परिणाम नाही. कडुनिंबाच्या घरगुती अर्काने तर जेलमध्ये आणखी सेंद्रिय माल आणि बुरशीचे बीजाणू जातात. फ्रिजने वाढ मंदावते, थांबत नाही.

आणि वास येण्याची वाट पाहणं धोक्याचं आहे. ग्रॅममागे लाखो जंतू असतानाही जेल दिसायला आणि वासाला ठीक असू शकतं. सुडोमोनास नावाचा जंतू तर डिस्टिल्ड वॉटरमध्येही तग धरतो. धडधाकट त्वचेवर कदाचित काही होणार नाही. पण थ्रेडिंग केलेल्या भुवया, फुटलेल्या पुटकुळ्या, मधुमेह्याच्या पायाच्या भेगा? बार्सिलोनाच्या एका रुग्णालयात २००६ मध्ये अतिदक्षता विभागातल्या पाच रुग्णांना संसर्ग झाला. शोध घेता घेता जंतू सापडला तो रुग्णांच्या अंगाला लावायच्या लोशनमध्ये.

आता करायचं काय? पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या आणा. पीएच म्हणजे आम्लतेचा आकडा: तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त. ताज्या गराचा पीएच साधारण ४ ते ५ असतो, आणि हे तुमच्या फायद्याचं आहे. लोणच्यात, सॉसमध्ये वापरतात तेच सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट आम्लतेतच काम करतात. पीएच ४.२ ला बेंझोएटचा निम्मा भाग कामाला लागलेला असतो, ५ ला जेमतेम १४ टक्के, आणि ६ ला दीड टक्का. जेल घट्ट करायला कार्बोमर घालून ते अल्कलीने फुलवलंत की पीएच वर जातो आणि बेंझोएट नावापुरतं उरतं. आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या छोट्या उद्योजकांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. पीएच वर ठेवायचाच असेल तर फिनॉक्सीइथेनॉल बरं. त्याची कमाल मर्यादा १ टक्का, म्हणजे १०० ग्रॅम जेलमध्ये १ ग्रॅम. ते बुरशीवर थोडं कमकुवत असल्याने जोडीला दुसरं काही लागतं. ही मापं चमच्याने घेऊ नका. एक दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या.

मग प्रयोगशाळेत चॅलेंज टेस्ट करून घ्या. यात तुमच्या जेलमध्ये मुद्दाम जंतू, यीस्ट आणि बुरशी सोडतात आणि ७, १४ व २८ दिवसांनी किती उरले ते मोजतात. ही चाचणी पास झाली की मगच तुमच्या सूत्रावर विश्वास ठेवा. डबीऐवजी ट्यूब किंवा पंप घ्या, म्हणजे बोटं आत जाणार नाहीत. विक्रीसाठी प्रसाधन बनवायला प्रसाधन नियम, २०२० नुसार परवाना लागतो, तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. आणि ‘नो केमिकल’ ही ओळ काढून टाका. ती खरी नाही, आणि प्रिझर्व्हेटिव्ह घातल्यावर तर तुम्हालाच अडचणीत आणेल.

मी तुमच्या गटात असते तर सुरुवात जेलने केलीच नसती. उटणं, मुलतानी मातीचा लेप, तेल-मेणाचं ओठांचं बाम, हे जास्त सोपं आहे, त्याला प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही.

प्रश्न: पण उटण्याला आणि तेलाला प्रिझर्व्हेटिव्ह का लागत नाही? (वाचक, ठाणे)

कारण त्यात जंतूंना वापरता येईल असं पाणी नसतं. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नको म्हणून घरोघर बजावतात, तेच कारण. उटणं वाटीत भिजवल्यावर मात्र उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. आंघोळीच्या साबणाच्या वडीचा पीएच ९ ते १० असतो, त्यात जंतूंचं फारसं चालत नाही. परफ्यूममध्ये अल्कोहोल राखण करतं.

प्रश्न: हँडवॉश संपत आला की बाटलीत पाणी घालून वापरतो. चालतं ना? (वाचक, रत्नागिरी)

त्याच दिवशी संपवणार असाल तर चालेल. नळाच्या पाण्याने प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होऊन निकामी होतं, आणि नवे जंतू येतात ते वेगळेच. सार्वजनिक ठिकाणच्या, वरून भरत राहायच्या साबणाच्या डब्यांत जंतू वाढलेले अनेकदा आढळले आहेत. असा साबण लावून धुतलेल्या हातांवर आधीपेक्षा जास्त जंतू असू शकतात. शाम्पूलाही हेच लागू.

प्रश्न: डोळ्यांसाठी तरी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच चांगलं ना? (वाचक, बंगळुरू)

कोरड्या डोळ्यांसाठी दिवसातून अनेकदा थेंब घालावे लागत असतील, तर डॉक्टर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले देतात आणि ते योग्यच आहे. पण ते एकदाच वापरून टाकायच्या कुप्यांत किंवा हवा आत न घेणाऱ्या खास बाटलीत हवेत. २०२३ मध्ये अमेरिकेत, भारतात बनलेल्या प्रिझर्व्हेटिव्हरहित कृत्रिम अश्रूंशी जोडलेली सुडोमोनासच्या संसर्गाची साथ आली. अनेक वेळा उघडायच्या बाटलीत पुरेसं प्रिझर्व्हेटिव्ह नसणं, हा तिथल्या औषध प्रशासनाने काढलेल्या दोषांपैकी एक होता. ८१ रुग्णांची नोंद झाली, चौघांचा मृत्यू झाला, चौदा जणांची दृष्टी गेली.

मस्कारा आणि पातळ आयलायनरमध्ये मला प्रिझर्व्हेटिव्ह हवंच असतं. ब्रश रोज पापण्यांवरून जंतू घेऊन परत नळीत जातो. उघडल्यावर तीन महिन्यांनी मस्कारा टाकून द्या, सुकला म्हणून त्यात पाणी किंवा थुंकी घालू नका, आणि काजळ-मस्कारा बहिणीबहिणींतही वाटून वापरू नका. डोळे आले असताना जे काही लावलं होतं, ते बरं झाल्यावर पुन्हा वापरायचं नाही.