मेरीची मुलगी इतकी घाबरट का?

मागच्या अंकात आपण लेखिका कॅरी रायनच्या 'द डेड-टॉस्ड वेव्ज' या झॉम्बी कादंबरीवर तुमची मतं मागवली होती. पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडून मतं आली आणि निम्म्याहून जास्त जण चिडलेलेच होते, म्हणून आजची जागा सगळी त्यालाच. ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मालिकेतलं पहिलं पुस्तक 'द फॉरेस्ट ऑफ हँड्स अँड टीथ' 2009 साली आलं. कुंपणाने वेढलेलं एक गाव, बाहेरच्या जंगलात मेलेली माणसं फिरतायत आणि मेरी नावाच्या मुलीला एकच ध्यास, समुद्र बघायचा. दुसरं, म्हणजे हेच 'द डेड-टॉस्ड वेव्ज', 2010 मध्ये आलं. त्यात मेरी आता आई झालीये, समुद्रकाठच्या व्हिस्टा नावाच्या गावात दीपगृहात राहते आणि गोष्ट सांगते ती तिची मुलगी गॅब्री. या गावात झॉम्बींना मुडो म्हणतात. खाली गोष्ट बरीच फुटलीये, ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथेच थांबा.

प्रश्न : ताई, मी बारावीला आहे. पहिलं पुस्तक मी एका रात्रीत संपवलं, मेरी मला खूप आवडली, कोणाचंच ऐकत नाही ती. पण गॅब्री? सारखी घाबरते, सारखं माझंच चुकलं माझंच चुकलं करते, मला इतका राग आला की मध्येच पुस्तक ठेवून दिलं. सिक्वेलला अशी हिरोईन का घेतात? (नाशिकची एक वाचक)

उत्तर : अगं, आधी ते पुस्तक परत उचल, कारण तू ठेवलंस तिथूनच ते चांगलं व्हायला लागतं. तुझा राग मला कळतो, असं लिहिणारी तू एकटी नाहीयेस. पण गॅब्री कशाला घाबरते ते बघ ना. सुरुवातीला सगळी पोरं रात्री भिंत ओलांडून पलीकडच्या पडक्या अ‍ॅम्युझमेंट पार्कमध्ये जातात, तिला जायचं नसतं, ती जाते ते फक्त तिला आवडणाऱ्या कॅचरसाठी, आणि त्याच रात्री हल्ला होतो, कॅचरला चावा बसतो. ती पळून घरी येते आणि बाकीचे पकडले जातात. तिची सख्खी मैत्रीण सिरा, म्हणजे कॅचरची बहीण, तीही पिंजऱ्यात. गावाला माहीतच नाही की गॅब्रीपण तिथे होती. म्हणजे ती सुटली आणि शिक्षा बाकीच्यांना. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हे झेपेल का गं? ती माझंच चुकलं म्हणते कारण खरंच काहीतरी चुकलंय, आणि ते ती कोणाला सांगूही शकत नाही.

आणि दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. गॅब्रीची आई रोज काय काम करते? भरतीच्या पाण्याबरोबर किनाऱ्याला मुडो वाहून येतात, ते वाळूत उठून चालायला लागायच्या आत मेरी त्यांची मुंडकी उडवते. रोजचं काम, आपण अंगण झाडतो तसं. अशा आईच्या शेजारी वाढलेली मुलगी शूरच होईल असं आपण धरून चालतो, पण खूप वेळा उलटंच होतं. आई इतकी खंबीर की मुलीला वाटतं, आपल्याला हे कधी जमणारच नाही. पहिल्या पुस्तकात आपण मेरीच्या डोक्यात बसून सगळं बघितलं होतं, तिचं ते समुद्राचं वेड आपल्याला आपलं वाटलं होतं. दुसऱ्यात तीच मेरी आपण बाहेरून बघतो, मुलीच्या बाजूने, आणि कळतं की हिच्यासोबत राहणं सोपं नाही. पुढे मेरी सांगून टाकते की तू माझ्या पोटची नाहीस, जंगलात सापडली होतीस. इतकी वर्षं लपवलेलं. तो प्रसंग नीट वाच. आपली लाडकी मेरी तिथे चुकते आणि लेखिका तिला पाठीशी घालत नाही. स्वतःच्या आवडत्या हिरोईनला असं बघायला लावायला धाडस लागतं, मला तरी त्यासाठी हे पुस्तक पहिल्यापेक्षा मोठं वाटतं.

प्रश्न : कॅचर की इलायस? आमच्या ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडल्यात. आणि प्रत्येक यंग अ‍ॅडल्ट पुस्तकात हा लव्ह ट्रँगल पाहिजेच का? कंटाळा आलाय. (ठाणे)

उत्तर : मी कॅचर. आणि कंटाळ्याचं म्हणाल तर अर्धी सहमत आहे. इलायस येतो, दिसतो, मदत करतो आणि थोड्याच पानांत गॅब्रीचं मन तिकडे ओढायला लागतं. कालपर्यंत कॅचरसाठी जीव टाकणारी मुलगी, तिची ती ओढ इतक्या लवकर वाटून जाते हे मला पटलं नाही. तिथे पाच-दहा पानं जास्त द्यायला हवी होती. पुढे कळतं की इलायस तिच्या विसरलेल्या लहानपणातलाच आहे, त्यामुळे ओळखीचं काहीतरी वाटणं समजू शकतं, पण हे नंतरचं झालं, वाचताना ते हाताशी नसतं.

पण कॅचरचं जे केलंय ना, ते मला कुठल्याच झॉम्बी पुस्तकात असं भेटलं नव्हतं. चावा बसला म्हणजे माणूस गेला हा त्या जगाचा नियम, दुसरा काही निकालच नाही. आणि कॅचर मरत नाही. रोग अंगात आहे पण तो वळत नाही, म्हणजे मुडो होत नाही, त्याचं अंग तापलेलं असतं, आणि मुडो त्याच्याकडे बघतही नाहीत, तो त्यांच्या गर्दीतून सरळ चालत जाऊ शकतो. म्हणजे जगायला सगळ्यात लायक माणूस तो, आणि तोच प्रेमाला मुकलेला, कारण आपल्यामुळे गॅब्रीला लागण झाली तर, ही भीती त्याला तिच्याजवळ येऊ देत नाही. ती हात पुढे करते, तो मागे सरकतो, असं किती वेळा होतं त्या पुस्तकात. ज्यांना हे रडगाणं वाटलं त्यांनी कोविडची ती वर्षं आठवा, आपल्याच घरात आजीच्या खोलीच्या दारात जेवणाचं ताट ठेवून मागे सरकलेले आपणच होतो. पुस्तक त्याच्या दहा वर्षं आधीचं आहे, तरी मला ते वाचताना घशात दाटून येतं.

प्रश्न : याला झॉम्बी रोमान्स का म्हणायचं? यात झॉम्बी प्रेमात पडतच नाही, माणसंच पडतात. खरा झॉम्बी रोमान्स म्हणजे 'वॉर्म बॉडीज'. (कोल्हापूर)

उत्तर : मुद्दा बरोबर आहे तुमचा. आयझॅक मॅरियनच्या त्या पुस्तकात गोष्ट सांगणाराच झॉम्बी आहे, आर, त्याला स्वतःचं नाव एका अक्षरापलीकडे आठवत नाही, विमानतळावर राहतो, आणि जूली नावाच्या जिवंत मुलीच्या प्रेमात पडून हळूहळू परत माणूस व्हायला लागतो. रोमिओ-ज्युलिएट सरळ दिसतं त्यात. 2013 ला सिनेमा आला आणि बहुतेकांनी तोच बघितलाय. त्याचाही सिक्वेल आहे, 'द बर्निंग वर्ल्ड', 2017 चा, आणि सिनेमा बघून त्याकडे वळलेल्यांनी मला कळवलंय की यात लव्हस्टोरी कुठे गेली. ती गेली नाहीये. आर जिवंत झाला की त्याला मरणाआधीचं आयुष्य आठवायला लागतं, आणि आपण आधी कोण होतो हे कळल्यावर जूलीसमोर उभं कसं राहायचं, हा प्रश्न प्रेमातलाच आहे की. पुस्तक मात्र लांबलंय, ते मान्य.

तरी माझं मत असं की दोन्ही प्रकार एकाच भीतीतून येतात, आपलं माणूस समोर आहे पण ते आपलं राहिलंय का. मॅरियन म्हणतो, परत येऊ शकतं. रायनच्या जगात परत कोणी येत नाही, म्हणून तिथलं प्रेम जास्त घाईचं, जास्त भित्रं. मला ते जास्त खरं वाटतं, तुम्हाला नाही वाटलं तरी आपलं भांडण नाही.

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीचे, 'झोंबिवली' थेटरात जाऊन बघितलेले! एक शंका. या पुस्तकात मुडो हळू चालतात आणि मध्येच एखादा जोरात पळत सुटतो. हे लेखिकेच्या सोयीने आहे का?

उत्तर : नाही नाही, नियम आहे त्याला. आजूबाजूला बाधित खूप असतील तर नवा वळलेला हळूच चालणारा होतो, कोणीच नसेल किंवा फार थोडे असतील तर तो पळणारा होतो, त्याला ब्रेकर म्हणतात. म्हणजे रोगाला पसरायचंय, गर्दी असेल तर घाई नाही, एकटा असेल तर जोर लावायचा. पहिल्या पुस्तकातली लाल कपड्यातली पळणारी मुलगी आठवते का, गॅब्रिएल, तिचं कोडं इथे सुटतं. आणि मेरीने लेकीचं नाव तिच्यावरूनच ठेवलंय, हे लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले होते.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, मैत्रिणीकडून हे आणलंय. मुखपृष्ठ बघून मला धडकी भरली. वाचू देऊ का? (छत्रपती संभाजीनगरहून एक आई)

उत्तर : प्रेमाच्या बाजूने काळजी करू नका, तसं काही नाही त्यात. रक्त, मुंडकी, जवळच्यांचे मृत्यू हे भरपूर आहे. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते, सिरा पिंजऱ्यात असताना खचते आणि स्वतःला इजा करून घेते, तो भाग तेरा वर्षांच्या मुलीने एकटीने वाचावा असं मला वाटत नाही. तुम्ही आधी वाचा, नाहीतर दोघी मिळून वाचा. हिसकावून मात्र घेऊ नका, मग ती लपून वाचेल आणि त्या पानावर तिच्या बाजूला कोणीच नसेल. मुलगी सध्या स्वतःच काही कारणाने उदास असेल तर वर्ष-दोन वर्षं थांबा, पुस्तक कुठे जात नाही.

प्रश्न : शेवट असा अर्धवट का सोडलाय? आणि तिसऱ्यात परत नवीनच हिरोईन म्हणे! (पुणे, आणि बेळगावहूनही हाच प्रश्न)

उत्तर : हो, 'द डार्क अँड हॉलो प्लेसेस', 2011. गोष्ट सांगते अ‍ॅना, गॅब्रीची जुळी बहीण. लहानपणी जंगलाच्या वाटेवर जिने गॅब्रीला मागे सोडलं ती हीच, आणि तिच्या अंगावर काटेरी तारेचे वण आहेत. कॅचरचं काय होतं हे ज्यांना हवंय त्यांना ते तिथेच मिळेल, आणि ठाण्याच्या त्या दोन्ही पार्ट्यांनी तर आधी तिसरं वाचून मगच भांडावं. दुसरं संपल्यावर लगेच घ्या, मध्ये महिना गेला तर नावं विसरायला होतात.