कॉलेज बास्केटबॉलमध्ये सामन्यामागे २० गुण घेणारा गार्ड एनबीए ड्राफ्टसाठी तयार आहे का, हे कसं ओळखायचं?

गार्ड म्हणजे बहुतेक वेळा चेंडू हाताळणारा, तुलनेने बुटका खेळाडू; ड्राफ्ट म्हणजे एनबीए संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडणं. समजा, खेळाडू असा आहे: कॉलेजचं दुसरं वर्ष, उंची ६ फूट २ इंच, सरासरी २० गुण, थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट) ३६ टक्के.

आधी ते २० गुण बाजूला ठेवा. २०११ साली बीवाययू या अमेरिकी विद्यापीठाचा जिमर फ्रेडेट सामन्यामागे २८.९ गुण घेऊन देशात पहिला होता. दहाव्या क्रमांकावर त्याची निवड झाली, पण एनबीएत त्याला पाय रोवता आले नाहीत. व्हिलानोव्हा विद्यापीठाचा जेलन ब्रन्सन २०१८ मध्ये ३३व्या क्रमांकावर गेला आणि पुढे न्यूयॉर्क निक्स या एनबीए संघाचा कर्णधार झाला.

३६ टक्क्यांवरही फार विसंबू नका. ३५ सामने, सामन्याला पाच प्रयत्न, म्हणजे १७५ थ्री. त्यातले ६३ पडले की ३६ टक्के. सहा कमी पडले असते तर साडेबत्तीस, सहा जास्त पडले असते तर साडेएकोणचाळीस. एवढा फरक नुसत्या नशिबानेही पडतो. फ्री थ्रोचा (फाउलनंतर मिळणाऱ्या, कुणी न अडवलेल्या शॉटचा) आकडा त्यापेक्षा भरवशाचा. टायरीज मॅक्सी केंटकी विद्यापीठात थ्री २९.२ टक्केच मारत होता, पण फ्री थ्रो ८३.३ टक्के, एनबीएत त्याचा थ्री सुधारला. शिवाय कॉलेजची थ्री-पॉइंट रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर, एनबीएची समोरून २३ फूट ९ इंचांवर. रेषेच्या पाऊलभर मागून, ड्रिबल थांबवून मारताना त्याचा शॉट सपाट होतोय का ते बघा. होत असेल तर पायांचा जोर कमी पडतोय.

खरी परीक्षा पिक अँड रोलची, म्हणजे सहकारी बचावपटूची वाट अडवून उभा राहतो (ही अडवणूक म्हणजे स्क्रीन) आणि गार्ड त्याच्या बाजूने चेंडू घेऊन निघतो, त्या चालीची. हायलाइट्स नकोत, त्यात सगळेच स्टार दिसतात. तगड्या संघांविरुद्धचे, शक्यतो त्यांच्याच मैदानावरचे चार-पाच सामने पूर्ण बघा. नोव्हेंबर-डिसेंबरमधले दुबळ्या संघांविरुद्धचे सामने वगळा. समोरचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) मागे थांबला, तर हा थांबून शॉट घेतो की उगाच रिंगखालच्या गर्दीत घुसतो? बचाव करणाऱ्यांनी आपापसांत माणसं बदलली आणि सेंटर याच्यासमोर आला, तर त्याला मागे टाकतो का? दोघं एकदम अंगावर आले तर? बुटका गार्ड इथेच फसतो: ड्रिबल संपवतो, दोघांच्या हातांवरून त्याला पलीकडचं दिसत नाही आणि पास कापला जातो. सापळा मिटायच्या आतच चेंडू सुटायला हवा.

त्याची नजरही बघा. स्क्रीनकडे जातानाच लांबच्या कोपऱ्यातला बचावपटू आत सरकतोय का, हे त्याने टिपायला हवं. तो सरकला की ड्रिबल न तोडता, एका हाताने त्या कोपऱ्यात पास जायला हवा, डाव्या हातानेही. हे जमत असेल, तर असिस्ट-टर्नओव्हरचं (गुण मिळवून देणारे पास आणि गमावलेले चेंडू यांचं) गुणोत्तर थोडं वाईट असलं तरी मी चालवून घेईन.

रिंगजवळच्या टक्केवारीकडे थोडं उदार होऊन बघा. कॉलेजात लेन (रिंगसमोरचा आखलेला पट्टा) १२ फूट रुंद, एनबीएत १६. तिथे कुणाला न राखता बचावपटूला लेनमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबताही येत नाही. त्यामुळे वाट मोकळी मिळते, पण वाटेत येणारे हात लांब असतात. धक्का टाळून मागे झुकत लेअप टाकायची सवय असेल तर फ्री थ्रो मिळत नाहीत. ही सवय लवकर जात नाही.

बचावात त्याच्या उंचीपेक्षा हातांचा पसारा महत्त्वाचा. ६ फूट २ इंच उंची आणि ६ फूट ७ इंच पसारा असेल तर गणित बदलतं. शिकागोच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात) उंची बुटांशिवाय मोजतात, त्यामुळे कॉलेजच्या यादीतली उंची बऱ्याचदा इंचभर घटते. स्क्रीनला अडकून तो मागेच राहत असेल, तर एनबीएचे संघ मुद्दाम त्यालाच शोधून खेळतात.

आता निर्णयाचं. पहिल्या फेरीत निवड झाली तर करारातली पहिली दोन वर्षं पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीत अशी आपोआप हमी नसते. २०२१ पासून कॉलेजमध्ये राहूनही नावावर कमाई करता येते, त्यामुळे दुसऱ्या फेरीच्या आशेवर घाईने बाहेर पडण्यात पूर्वीइतका अर्थ उरलेला नाही. नाव देऊन लीगच्या सल्लागार समितीचा अंदाज मागवता येतो, आणि एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या) मुदतीत नाव मागे घेतलं तर कॉलेजचा खेळही शाबूत राहतो. अंदाज पहिल्या फेरीचा नसेल आणि डाव्या हाताचा तो पास अजून येत नसेल, तर त्याने आणखी एक वर्ष खेळावं.