लिस्बनची तोरादा: सासऱ्यांना नेण्याआधी एवढं वाचा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. ऑफिसातल्यांनी तोरादेची, म्हणजे इथल्या माणूस-बैल झुंजीची, काम्पो पेकेनो रिंगणातली तिकिटं काढलीत, गावाहून आलेल्या शेतकरी सासऱ्यांनाही न्यायचंय, मन तयार होत नाहीये, पण "पोर्तुगालात बैल मारत नाहीत" म्हणून तुम्ही स्वतःची समजूत घालताय. मी हेच केलं होतं. सोबत माझे वडील होते.

तिकीट, मेट्रो वगैरे तुम्हाला माहीतच असेल, ते सोडतो.

मी आधी एका पर्यटन माहिती केंद्रात जाऊन विचारलं होतं, "बैलाला मारतात का?" काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "छे, ते स्पेनमध्ये. इथे १९२८ पासून बंदी आहे." उत्तर खोटं नव्हतं. बंदी आहे ती रिंगणात, लोकांसमोर मारण्यावर. सीमेवरच्या बारांकुश गावाला तर २००२ साली कायद्यानेच त्यातून सूट मिळाली. पण खेळ संपल्यावर त्या जनावराचं काय होतं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मी वडिलांना सांगून बसलो, "दादा, मारत नाहीत, नुसता खेळ आहे."

घोडेस्वार आला तेव्हा दादा खूश होते. अठराव्या शतकातला भरजरी कोट, तिकोनी टोपी, आणि तो लुसितानो, म्हणजे इथल्या पोर्तुगीज जातीचा घोडा! शिंगं हातभरावर आली की अंग चोरून बाजूला व्हायचा. शिंगांवर कातडी टोपणं असतात. दादांनी पहिल्यांदा तेच टिपलं. मग पहिला काटेरी भाला रुतला. खांदेमळणीला आपण बैलाला जिथे तूप-हळद चोळतो ना, तिथेच. आम्ही पुढच्या रांगेत होतो. काळ्या कातडीवर रक्त आधी दिसत नाही, दिव्याखाली ओलं चमकतं तेव्हा कळतं. दादांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही.

नंतर फोर्कादो आले. आठ जण, हातात काही नाही. पुढचा कमरेवर हात ठेवून बैलाला हाक मारतो आणि छातीवर घेतो, बाकीचे मागून धरतात, शेवटचा शेपूट. हे दादांना पटलं. "यात माणसाचीही हाडं मोडतात," म्हणाले. शेवटी घंटा बांधलेले बैल आत सोडतात आणि तो खोंड त्यांच्यामागे निघून जातो. घंटा ऐकून दादा म्हणाले, "चला, गोठ्यात गेला. आता हळद लावतील."

दुसऱ्या दिवशी इथल्या सहकाऱ्याने सांगितलं. आत नेऊन भाले कापून काढतात आणि मग कत्तल. काही वेळा लगेच, काही वेळा एक-दोन दिवसांनी, जखमा तशाच ठेवून. क्वचित एखादा फार चांगला निघाला तर पैदाशीसाठी राखतात. मी दादांना हे सांगितलं नाही. गावी गेल्यावर फोनवर त्यांनी दोनदा विचारलं, "त्या काळ्याची जखम भरली का रे?" मी "हो" म्हणालो. त्या "हो"चा त्रास मला रिंगणातल्या रक्तापेक्षा जास्त झाला.

मी कुणी कार्यकर्ता नाही. बैलगाडा शर्यत पाहतच वाढलो, २०१४ च्या बंदीवर चिडलोही होतो. गोव्यात धिरयोवर, म्हणजे बैलांच्या आपसातल्या झुंजींवर, न्यायालयाची बंदी आहे, तरी ती आवडणारे माझे मित्र आहेत. त्यामुळे इथल्या लोकांना रानटी म्हणणं मला जमणार नाही. तुमचे सहकारी आपुलकीने बोलावताहेत, त्यांना नावं ठेवू नका. पण माझं स्पष्ट मत आहे, सासऱ्यांना सगळं खरं सांगा, खेळानंतरचंही, आणि मग त्यांनाच ठरवू द्या. ज्याने बैल पोसलेत त्याला अर्धवट सांगून तिथे बसवू नये. पटो न पटो, तुमच्या घरचं तुम्ही जाणता.

गेलातच तर वरच्या रांगेत बसा. आम्ही गेलो तेव्हा तिसऱ्या बैलानंतर मध्यंतर झालं होतं, निघायचं असेल तर तेव्हा निघणं बरं. खेळ चालू असताना उठलं की लोक रागावतात.

आणि सासऱ्यांना घोडेच दाखवायचे असतील तर नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाच्या सुमारास गोलेगांची घोड्यांची जत्रा असते. रस्त्यातून लुसितानो फिरत असतात, कोपऱ्याकोपऱ्यावर चेस्टनट भाजत असतात. थंडी असते, त्यांना स्वेटर घालायला सांगा.