पर्ज व्हॉल्व्ह नवा टाकला तरी पी०४४४ कोड परत येतो, आता काय तपासू?

गाडी पेट्रोल, गॅरेजमध्ये पर्ज व्हॉल्व्ह बदलून झाला, तरी पाथर्डी फाट्याकडच्या खड्ड्यांतून गेलं की चेक इंजिनची लाइट लागते, असं तुम्ही लिहिलंय. मग आता आणखी कुठलाही पार्ट घेऊ नका. पी०४४४ म्हणजे व्हॉल्व्ह गेला असं नाही. त्याचं सर्किट कुठेतरी तुटतंय, एवढंच ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सांगतोय. आणि ते खड्ड्यात तुटतंय, म्हणजे माझा संशय वायरवर किंवा कपलरवर, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगवर.

मी नाशकातच ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली घुसतात, त्यामुळे अशा गाड्या माझ्याकडे हमखास येतात.

टाकीतली पेट्रोलची वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यात साठते, ती इंजिनात ओढायची वेळ आली की हा व्हॉल्व्ह उघडतो. बहुतेक गाड्यांत त्याला दोनच वायरी असतात. इग्निशन ऑन केलं की एकीवर १२ व्होल्ट येतात. दुसरी ईसीएमकडे जाते आणि तो तिला झटपट अर्थ देत-तोडत राहतो.

आधी फ्यूज बघा. मग कपलर काढून सप्लायच्या पिनवर मीटर लावा. इथे बरेच जण फसतात. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. म्हणून त्याच पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हला ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब लावा. तो साधारण ०.४ अँपिअर ओढतो, व्हॉल्व्हची कॉइलही जवळपास तेवढाच. बल्ब मंद लागला किंवा हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवल्यावर लुकलुकला तर दोष सप्लायच्या बाजूला आहे. ईसीएमच्या वायरवर मात्र बल्ब लावू नका, तिथे एलईडीचा टेस्टरच वापरा: एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं त्या वायरला. इंजिन गरम झाल्यावर तो लुकलुकायला हवा. थंड इंजिनवर ईसीएम पर्ज चालूच करत नाही, तेव्हा सकाळी सकाळी बघून वायर तुटली असं ठरवू नका.

एलईडी गप्प राहिला तर बॅटरीचा निगेटिव्ह काढा, ईसीएमचा कपलर सोडवा आणि त्या वायरची कंटिन्युटी घ्या, म्हणजे ती या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे का ते मीटरवर बघा. रेझिस्टन्स एक ओहमच्या आत हवा. मीटर लावलेला ठेवूनच हार्नेस ब्रॅकेटपाशी, वळणापाशी हलवा, कारण गाडी उभी असताना सगळं ठीकच दिसतं. बॉडीशी कंटिन्युटी मात्र अजिबात नको.

कपलरच्या पिना नीट बघा. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत वायर वरून अगदी नवी दिसत होती, पण पिनेजवळ सोलली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं आणि बोटाने ओढताच तुटलं. कुणीतरी आधी टेस्टिंगसाठी सुई टोचली होती, तिथूनच पाणी शिरलं. त्यामुळे इन्सुलेशनला सुई कधीच टोचू देऊ नका, प्रोब कपलरच्या मागून घाला.

वायर सापडली की खराब भाग कापून त्याच जाडीचा तुकडा जोडा आणि वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती टेप इंजिनच्या उष्णतेत सुटते.

जुना व्हॉल्व्ह गॅरेजमधून परत मागून घ्या. मीटरवर त्याची कॉइल बऱ्याच गाड्यांत २० ते ३० ओहमच्या आसपास येते; तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. तो जुळला आणि फुंकर मारल्यावर बंद व्हॉल्व्हमधून हवा गेली नाही, तर तो चांगला आहे, टाकून देऊ नका.