कौलारू घरावर सोलर: आधी एवढं बघा

जुन्या घराचं रूप न बिघडवता सोलर बसवायचं ठरवलंत, छान! पण पॅनल निवडण्याआधी वासे-रिपा तपासून घ्या. वाळवी लागलेल्या लाकडावर चौरस मीटरला १०-१५ किलो वजन चढवू नका.

- दर्शनी उतार शक्यतो सोडा. मागचा उतार किंवा गोठ्याचं छप्पर बघा. दक्षिण उत्तम, पश्चिमही चालते.
- पॅनल धरणारे हुक वाशातच बसवा. मंगलोरी कौलाला भोक पाडलंत की पावसात गळणार.
- पॅनल पूर्ण काळं, चौकटही काळी, उताराला समांतर. उंच लोखंडी सांगाडा ही नवख्यांची नेहमीची चूक (बसवणाऱ्याला तोच सोपा पडतो!). कौलांशी जुळणाऱ्या लाल पॅनलचा मोह टाळा, वीज कमी मिळते.

केंद्र-संरक्षित स्मारकापासून ३०० मीटरच्या आत असाल तर आधी परवानगीचं विचारा. नेट मीटरिंगचं (जास्तीची वीज ग्रीडला देऊन बिलात वळती करून घेणं) नंतर बोलू.