डासाच्या पोटातलं रक्त कोणाचं? सात 'माणूस', चार 'काहीच नाही'

प्रश्न थोडक्यात असा: उष्ण प्रदेशातल्या जंगलाच्या कडेला प्रकाश-सापळे लावले, सुमारे दोन हजार माद्या मिळाल्या, पण पोटात रक्त दिसलं ते फक्त अकरांच्या. पाच प्राण्यांच्या मल्टिप्लेक्स पीसीआरमध्ये (एकाच चाचणीत पाच प्राण्यांचा डीएनए वाढवून शोधणारी पद्धत) त्यातल्या सात 'माणूस' निघाल्या, चारमध्ये जेलवर डीएनएचा पट्टाच आला नाही. मग हे डास मुख्यतः माणसाला चावतात असं म्हणता येईल का?

नाही म्हणता येणार. गडबड पीसीआरच्या बरीच आधी, सापळ्यापासूनच झाली आहे.

प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइडच्या सापळ्याकडे येते ती भुकेली मादी. जिचं पोट भरलंय ती उडत फिरत नाही, अंधाऱ्या, दमट, निवाऱ्याच्या जागी बसून रक्त पचवते. त्यामुळे दोन हजारांत अकरा हे प्रमाण तुमच्या सापळ्याच्या स्वभावाला धरूनच आहे. ग्रॅव्हिड सापळ्यानेही, म्हणजे अंडी घालायला आलेल्या माद्या पकडणाऱ्या सापळ्यानेही, फार भागत नाही. त्यात येणाऱ्या बहुतेक माद्यांचं रक्त पचून अंडी तयार झालेली असतात. बसलेल्या माद्या शोधायच्या तर झाडांची ढोली, मोठ्या मुळांमधल्या खाचा, ओढ्याकाठच्या मातीच्या कपारी, मोऱ्या, पडलेल्या ओंडक्यांच्या खालची बाजू, गुडघाभर उंचीचं दाट गवत इथे बॅटरीवर चालणारा ॲस्पिरेटर (डास ओढून घेणारं यंत्र) फिरवा. रात्री चावणाऱ्या जातींसाठी उजाडल्यापासून पहिले दोन-तीन तास उत्तम. नैसर्गिक निवारे कमी असतील तर साधारण दीड मीटर खोल खड्डा खणून तळापासून अर्ध्या मीटरवर चारही भिंतींत फूटभर खोल कोनाडे करा आणि वर सावली धरा. हात घालण्याआधी टॉर्च मारून पाहा, कोनाडे सापांनाही आवडतात.

जागा निवडताना एक पथ्य पाळायलाच हवं. घरात पकडलेल्या डासांत माणसाचं रक्त जास्त निघणार, गोठ्यात पकडलेल्यांत गाईचं. म्हणून 'मानवी रक्त निर्देशांक', म्हणजे रक्त प्यायलेल्या माद्यांपैकी किती जणींत माणसाचं रक्त सापडलं ते प्रमाण, जागेच्या उल्लेखाशिवाय छापू नये. घर, गोठा आणि झाडी यांचे आकडे वेगवेगळे ठेवा.

पकडलेली मादी जिवंत राहिली तर तिचं पचन चालूच राहतं. उष्ण हवेत दोन-तीन दिवसांत रक्त संपतं आणि डीएनए त्याच्या आधीच तुटत जातो. शेतातल्या शीतपेटीने हे मंदावतं, थांबत नाही. तेव्हा पकडल्या-पकडल्या मारा, शक्यतो थंडीने किंवा कोरड्या बर्फाने; इथाइल ॲसिटेट टाळा, त्याने डीएनए खराब होतो. लगेच सेला पायरी, म्हणजे पोटातलं रक्त किती पचलंय याची श्रेणी, लिहून ठेवा: १ म्हणजे रिकामं पोट, २ म्हणजे ताजं लालभडक, पुढे काळपट होत होत ७ म्हणजे पूर्ण अंडी. २ आणि ३ वर भर द्या. ५ च्या पुढचे नमुने बहुधा निराश करतात. जातही तेव्हाच ओळखा, कारण अल्कोहोलमध्ये खवले आणि रंग जातात. नंतर प्रत्येक मादी स्वतंत्र नळीत, ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये किंवा सिलिका जेलवर. ७० टक्क्यांचं अल्कोहोल डीएनएसाठी पाणचट पडतं. दहा माद्या एका नळीत कोंबल्या तर फुटलेल्या पोटातलं रक्त शेजारणीला लागतं आणि मग 'मिश्र आहार' सापडल्याचा आनंद होतो.

आता ते सात 'माणूस'. जंगली डासांच्या कामात सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो याच उत्तराचा, कारण प्रयोगशाळेत सर्वत्र पसरलेला डीएनए आपलाच असतो. पोट वेगळं करताना हातमोजे हवेत, आणि दर डासानंतर चिमटा १० टक्के ब्लीचमध्ये, मग पाण्यात, मग इथेनॉलमध्ये बुडवायचा. डोकं आणि छाती वेगळ्या नळीत ठेवा, परजीवी किंवा विषाणू शोधायला उपयोगी पडतात. प्रत्येक तुकडीत फक्त पाण्याचा कोरा नमुना पुरत नाही. त्याच सापळ्यातले दोन-तीन नर आणि दोन-तीन उपाशी माद्या अगदी त्याच वाटेने न्या. नर रक्त पीत नाही; त्याच्या पोटात माणूस सापडला तर तो तुमच्या बोटांवरून आलाय. रक्तातल्या हीममुळे (लाल रंगद्रव्यामुळे) पीसीआर अडतो म्हणून बरेच जण बीएसए हे प्रथिन घालतात. ते गाईच्या रक्तातून काढलेलं असतं हे विसरून मग 'गाय' सापडल्याचं लिहितात. आधी डीएनए दहापट पातळ करून पाहा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

चार 'काहीच नाही' मला जास्त महत्त्वाचे वाटतात. तुमच्या मल्टिप्लेक्सच्या वर्णनावरून ती केंट आणि नॉरिस यांची २००५ ची, सायटोक्रोम बी या मायटोकाँड्रियातल्या जनुकावरची पद्धत दिसते. तिच्यात प्राण्यागणिक डीएनएच्या तुकड्याची लांबी वेगळी येते: बकरी १३२, माणूस ३३४, डुक्कर ४५३, गाय ५६१, कुत्रा ६८० बेसजोड्या. वस्तीतल्या हिवतापाच्या डासांसाठी ती स्वस्त आणि उत्तम आहे. पण ती विचारते पाचच प्रश्न. हरीण, उंदीर, पक्षी, सरडा, बेडूक यांचं रक्त असेल तर जेलवर अंधारच दिसणार, आणि तो फसलेल्या नमुन्यासारखाच दिसतो. शिवाय कुत्र्याचा ६८० चा तुकडा अर्धपचित रक्तात बकरीच्या १३२ च्या तुकड्याच्या मानाने लवकर नाहीसा होतो, म्हणजे यादीतल्या पाचांनाही समान संधी नाही. माणसाचा प्रायमर (डीएनएचा नेमका तुकडा पकडणारा छोटा धागा) तुमच्या भागातल्या माकडाच्या डीएनएवर चालवून पाहिलाय का? नसेल तर तेही आधी करा.

जंगलात काम करायचं तर कशेरुकी प्राण्यांचे सामायिक प्रायमर वापरून १२एस, १६एस किंवा सायटोक्रोम बी या जनुकांपैकी एकाचा १५० ते ३५० बेसजोड्यांचा तुकडा वाढवा आणि त्यातल्या डीएनए-अक्षरांचा क्रम वाचून घ्या. प्राण्यांची जात ओळखायला सर्रास वापरतात त्या सीओआय जनुकाचे सर्वसाधारण बारकोड प्रायमर मात्र नकोत. नळीत डासाचा स्वतःचा डीएनए कितीतरी जास्त असतो आणि ते आधी त्यालाच उचलतात. क्रम जेनबँक आणि बोल्ड या दोन्ही डीएनए-संग्रहांत ताडून पाहा. जुळणी ९८ टक्क्यांच्या वर असेल तर जातीचं नाव लिहा, खाली असेल तर वंशावर किंवा कुळावर थांबा. उष्ण कटिबंधातल्या बेडूक-सरड्यांचे संदर्भक्रम विरळ आहेत, त्यामुळे यादीत वर आलेलं नाव हे कधीकधी फक्त जवळच्या नातेवाइकाचं असतं. ती जात तिथे राहते तरी का, हे आधी बघा. परवानगी काढून स्थानिक प्राण्यांचे ऊतीनमुने, रस्त्यावर मेलेल्यांचे किंवा संग्रहालयातले, आधीच वाचून ठेवले तर पुढचं निम्मं काम हलकं होतं. पाळीव डुक्कर की रानडुक्कर, कुत्रा की लांडगा, हे या छोट्या तुकड्यावरून सुटणार नाही.

क्रमाच्या आलेखात एका जागी दोन शिखरं दिसली तर मिश्र रक्त किंवा दूषण, दोन्ही शक्य आहे. नव्याने डीएनए काढून पुन्हा चालवा. मिश्र रक्तात प्रमाण सांगण्याच्या फंदात पडू नका. सस्तन प्राण्यांच्या लाल पेशींत केंद्रक नसतं आणि मायटोकाँड्रियाही नसतात. माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात लाल पेशी सुमारे ५० लाख आणि पांढऱ्या जेमतेम ४ ते ११ हजार, म्हणजे वाढवण्याजोगा डीएनए मिळतो तो या पांढऱ्या पेशींतून आणि थोडा प्लेटलेटमधून. पक्षी, सरडे आणि बेडूक यांच्या लाल पेशी केंद्रकासहित असतात. सारखंच रक्त प्यायलं तरी कोंबडीचा आवाज गाईपेक्षा मोठा येतो. आणि दोन वेगवेगळ्या माणसांचं रक्त प्यायलं असेल तर सायटोक्रोम बीला ते एकच दिसतं. एडीस इजिप्टायच्या बाबतीत हा मुद्दा फार येतो, त्याला मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे माणसामाणसांत वेगळे असणारे डीएनएचे तुकडे, तपासावे लागतात.

अनपेक्षित नाव आलं म्हणून लगेच फेकून देऊ नका. एडीस बायसासी हा डास चिखलमाशांचं रक्त पितो, युरेनोटेनिया या डासांच्या काही जाती बेडकांचं, आणि युरेनोटेनिया सॅफिरिना तर गांडुळं आणि जळवांचं. गांडुळं आणि जळवा कशेरुकी प्रायमरना सापडणारच नाहीत.

'पसंती' हा शब्द वापरायचा असेल तर परिसरात कोणते प्राणी किती आहेत याची मोजणी हवी. शंभर गाई आणि चार माणसं असतील तिथे ऐंशी टक्के गाईचं रक्त म्हणजे गाईची आवड नव्हे, उलट माणसाकडे ओढा असू शकतो.

हातातल्या अकरांसाठी: उरलेला डीएनए १:१० पातळ करा, १६एसचा छोटा तुकडा सगळ्या अकरांवर चालवा, सोबत त्याच दिवसाच्या सापळ्यातले तीन नर. नरांत माणूस आला तर ते सातही रद्द करा. नाही आला तर सातांतले जे क्रमवाचनातही माणूसच निघतील ते ठेवा, आणि त्या चारांचं काय निघतं ते इथे टाका, सेला पायरीसकट.