गाडीतला मोबाईल होल्डर दर उन्हाळ्यात निघून पडतो, कोणता घ्यावा आणि कसा बसवावा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की 2019 ची स्विफ्ट आहे, जळगावहून धुळ्याला रोज अप-डाऊन आहे, सक्शनवाले, म्हणजे कप दाबून बसवायचे, दोन होल्डर लावून झाले आणि दोन्ही एप्रिल-मे मध्ये गळून पडले, आता तिसरा घ्यायचाय तर कोणता घेऊ, आणि बाईकला पण लावू का. मी पारोळ्याचा, बियाण्याच्या लाईनीत आहे, जळगाव, चोपडा, यावल, रावेर, चाळीसगाव असं महिन्याचे पंचवीस दिवस फिरणं असतं, गेल्या सात वर्षांत पाच होल्डर लावून बघितले म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ऑनलाईन जे रिव्ह्यू वाचतो आपण ते पुण्या-बंगलोरच्या हवेत लिहिलेले असतात, आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला सहज जातो आणि गाडी तासभर उन्हात उभी राहिली की डॅशबोर्डचा वरचा भाग 70 अंशांच्या आसपास तापतो, हात ठेववत नाही. म्हणजे कंपनी कोणती हा प्रश्न नंतरचा, आधी हे बघायचं की होल्डर गाडीत कुठे बसणार आणि तिथे ऊन किती येणार. मी पहिले तीन होल्डर हे न बघता घेतले.

सक्शन का पडतो ते समजून घ्या म्हणजे पुन्हा पैसे जाणार नाहीत. त्या कपात चिकटवणारं काही नसतं, आतली हवा काढून टाकली की बाहेरच्या हवेचा दाब त्याला दाबून धरतो, बस. ऊन लागलं की कपाचं प्लास्टिक मऊ पडतं, आत जी थोडी हवा उरलेली असते ती तापून फुगते, आणि डॅशबोर्डवर ती जी बारीक दाणेदार नक्षी असते तिच्या खाचांमधून हवा हळूहळू आत शिरते. काचेवर तोच कप बऱ्यापैकी टिकतो कारण काच गुळगुळीत असते. दुकानदार म्हणतात खाली जेल आहे, डॅशबोर्डवर पण चालतो, चालतो पण दिवाळी ते होळी. मला तर पारोळ्यातल्या एका जुन्या मेकॅनिकने पहिल्याच वेळी सांगितलं होतं, "हाऊ उन्हायामा टिकाव नही भाऊ", मी ऐकलं नाही.

आणि पडतो म्हणजे नुसता पडतो असं नाही, हे मला मनापासून सांगायचंय. तीन वर्षांपूर्वी संभाजीनगरहून येत होतो, कन्नडचा घाट उतरत होतो, दुपारचे तीन वाजले असतील, मागच्या सीटवर आई आणि माझी मुलगी होती. एका वळणावर होल्डर फोनसकट निघाला आणि माझ्या पायाशी पडला, ब्रेक दाबला तर पूर्ण दबेना, फोन पेडलच्या खाली अडकलेला. सेकंड गिअरला होतो म्हणून गाडी इंजिनवर सावरली आणि पायाने फोन ढकलता आला, पण ते चार-पाच सेकंद मला अजून आठवतात. चाळीसगावला पोचलो आणि गाडी बाजूला लावून पाणी प्यायलो तेव्हा हात थरथरत होता. तेव्हापासून मी होल्डरला गाडीचा भाग समजतो, जसं टायरचं हवा-पाणी बघतो तसं दर आठवड्याला हलवून बघतो. तुमचा रस्ता सपाट आहे, घाट नाही, पण एरंडोल-पारोळ्याकडे ट्रकच्या मागे अचानक ब्रेक मारावा लागतो की नाही, तेवढं पुरे.

आता तुमच्यासाठी काय. पहिली गोष्ट, तुमच्या स्विफ्टमध्ये कंपनीची टचस्क्रीन असलेलं वरचं मॉडेल असेल तर अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले बघा, केबल लावली की मॅप स्क्रीनवरच येतो, फोन खाली खणात सावलीत पडून राहतो, होल्डरची गरजच संपली. खूप लोकांकडे ही सोय असते आणि कधी जोडूनच बघितलेली नसते.

स्क्रीन नसेल तर माझं मत एसीच्या व्हेंटवर लावायच्या बाजूचं आहे, त्याचं कारण एकच, थंड हवा सरळ फोनच्या पाठीवर लागते. फोन नुसता ऊन खाऊन तापत नाही, मॅप चालू, जीपीएस चालू, स्क्रीन फुल ब्राईट, वरून चार्जिंग, हे सगळं मिळून तापतो. ॲपल स्वतः सांगतं की आयफोन 0 ते 35 अंशांच्या हवेत वापरा, अँड्रॉइडवाल्यांचं पण साधारण तसंच, आणि आपल्याकडे मार्चच्या मध्यापासूनच दुपारी 35 च्या वर असतं. तापला की आधी स्क्रीन अंधुक होते, मग चार्जिंग थांबतं, मग सरळ मेसेज येतो की फोन थंड होऊ द्या, आणि तो मेसेज बरोब्बर फाटा आला की येतो. दोन उन्हाळे असं झालं की बॅटरीचा पण जीव जातो, लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. व्हेंटवर लावल्यापासून माझा फोन एकदाही बंद पडला नाही.

पण व्हेंटवाल्यात दोन प्रकार. एक नुसत्या चिमट्याचा, तो घेऊ नका, खड्ड्यात सुटतो. दुसरा हुकवाला, म्हणजे हुक व्हेंटच्या पट्टीच्या मागे अडकतो आणि पुढून चाकी फिरवून आवळायचा, तो घ्या. आणि त्याला खालून टेकू असलेला मिळतो, टेकू डॅशबोर्डवर टेकतो म्हणजे सगळं वजन त्या बिचाऱ्या पट्टीवर येत नाही. आजकालचे फोन कव्हरसकट सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅमचे असतात, पट्टी प्लास्टिकची, माझ्या मेहुण्याची तुटली तर नुसती पट्टी मिळाली नाही, अख्खं व्हेंट बदलावं लागलं.

तुमच्या स्विफ्टची अडचण अशी की मधले व्हेंट गोल आहेत. गोल व्हेंट वजनाने खाली वाकतं किंवा फिरतं, आणि टेकू टेकायला खाली सपाट जागा मिळेल असं नाही. म्हणून ऑनलाईन मागवू नका, जळगावला ॲक्सेसरीच्या दुकानात गाडी घेऊन जा, तुमचाच फोन लावून बघा, हाताने दोन-चार गचके द्या, व्हेंट वाकत असेल तर सोडून द्या आणि पुढचा पर्याय बघा.

पुढचा पर्याय म्हणजे चिकटपट्टीचा बेस, तो फोमसारखा करडा-काळा जाड डबल टेप असतो तो, व्हीएचबी म्हणतात, थ्रीएम कंपनीचा येतो. साधा पांढरा फोमचा टेप असेल तर तो आमच्या उन्हात चिक्कीसारखा ताणला जातो, तो उपटून त्याजागी व्हीएचबी लावून घ्या, स्टिकरवाल्यांकडे मिळतो. हा टेप खरंच धरतो पण लावायची पद्धत पाळली तर, आणि इथेच सगळे चुकतात.

मुख्य शत्रू डॅशबोर्डचं पॉलिश. सर्व्हिसिंगवाले ते चकचकीत सिलिकॉनचं पॉलिश मारून देतात ना, त्याच्यावर जगातला कुठलाच टेप चिकटत नाही. नुसतं ओल्या फडक्याने पुसून ते जात नाही. मोबाईल रिपेअरवाल्याकडे आयपीए असतं, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते स्वच्छ सुती कापडावर घेऊन तेवढी जागा दोन-तीनदा पुसा, दर वेळी कापडाची नवीन बाजू, आधी कुठे तरी कोपऱ्यात लावून बघा की रंग जात नाही ना. मग बोट लावायचं नाही, हाताचं तेल पण पुरतं. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ इतकी बारीक असते की काचा बंद असल्या तरी दोन दिवसांत डॅशबोर्डवर थर येतो, त्यामुळे आज पुसलं आणि उद्या लावलं असं करू नका, पुसलं, पाच मिनिटं वाळलं, लावलं.

वेळ पण महत्त्वाची. हा टेप लावायला साधारण 21 ते 38 अंश हे तापमान चांगलं, म्हणजे मे मध्ये सकाळी सात-साडेसातला, गाडी रात्रभर सावलीत असताना, आणि डिसेंबरच्या थंडीत उलट दुपारी. अंगठ्याने जोर लावून अर्धा मिनिट दाबून धरा. त्यानंतर फोन लावायचा नाही. वीस मिनिटांत त्याची पकड निम्मी होते, एका दिवसात नव्वद टक्के आणि पूर्ण व्हायला 72 तास लागतात. शुक्रवारी रात्री घरी आलात की लावू नका, शनिवारी सकाळी लावा, गाडी सावलीत ठेवा, सोमवारी मोकळा होल्डर घेऊन धुळ्याला जा आणि मंगळवारपासून फोन लावा. आपण काय करतो, दुकानाबाहेर उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर चिकटवतो आणि लगेच फोन अडकवून निघतो.

जागा कुठली. आपण उजवीकडे बसतो, तर स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला, स्टीरिओच्या आसपास, व्हेंटच्या हवेच्या रस्त्यात, पण हजार्डचं, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावायचं बटण झाकायचं नाही आणि गिअर टाकताना कोपर लागायला नको. डाव्या सीटसमोर डॅशबोर्डवर एसआरएस एअरबॅग असं कोरलेलं असतं, तिथे आणि तिच्या आजूबाजूला काहीही चिकटवायचं नाही, गणपतीची मूर्ती पण नाही. एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते, वर जे काही असेल ते बाजूला बसलेल्याच्या तोंडावर फेकलं जातं. माझी बायको तिथेच बसते, त्यामुळे मी याबाबतीत कोणाचंच ऐकत नाही. दांडा आखूड घ्या, लांब दांड्याचा थरथरतो आणि मॅप वाचता येत नाही, आणि कपहोल्डरमध्ये बसणारे असतात ते मला पटत नाहीत कारण नजर फार खाली जाते. 80 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे गेलेली असते, दोन सेकंद खाली बघितलं म्हणजे 44 मीटर न बघता चालवली.

तुमच्या रूटचं अजून एक. तुम्ही सकाळी पश्चिमेला जाता आणि संध्याकाळी पूर्वेला येता, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य पाठीमागे, ऊन मागच्या काचेतून थेट फोनच्या स्क्रीनवर येणार आणि काही दिसणार नाही. मी पारोळ्याहून सकाळी जळगावला जातो, माझं उलट, दोन्ही वेळा ऊन तोंडावर आणि फोनच्या पाठीवर. म्हणून तुम्ही गोटी-जॉइंटचा, सगळीकडे वळणारा होल्डर घ्या, फोन किंचित खाली वाकवून तुमच्याकडे तिरका केला की चमक जाते.

मॅग्नेटवाल्याचं विचारलं नाही तुम्ही पण सांगतो, आयफोन 12 पासूनच्या बहुतेक मॉडेलमध्ये आत मॅग्नेट आहे त्यांना ठीक, बाकीच्यांना मागे रिंग चिकटवावी लागते, ती रिंग पण उन्हात सरकते. वायरलेस चार्जिंगवाला होल्डर आपल्याकडे मार्च ते जून अजिबात नको, आधीच तापलेल्या फोनला अजून तापवणं आहे. केबलने करा, ती पण गाडी थंड झाल्यावर. आणि गाडी उभी करताना फोन तर काढताच, होल्डर व्हेंटचा असेल तर तो पण काढून खणात टाका.

कायद्याचं थोडक्यात, 1 ऑक्टोबर 2020 पासून नियमात स्पष्ट आहे की गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघायला, आणि तो पण लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. हातात धरून बोलताना सापडलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम 184, पहिल्या वेळी 1000 ते 5000 दंड आणि कैदेची पण तरतूद आहे. होल्डरवर रील बघणं यात कुठेच बसत नाही.

बाईकचं माझं सरळ उत्तर, चांगला फोन लावू नका. इंजिनची थरथर हँडलमधून फोनमध्ये जाते आणि कॅमेऱ्यात फोटो स्थिर ठेवणारी जी बारीक यंत्रणा असते, ओआयएस, ती खराब होते. सप्टेंबर 2021 मध्ये ॲपलनेच जाहीर केलं होतं की मोठ्या, दमदार इंजिनाच्या मोटरसायकलवर आयफोन लावू नका, आणि स्कूटर-मोपेडवर लावायचाच तर थरथर शोषणारा डॅम्पर लावा. माझ्या लहान भावाने मोटरसायकलवर चार-पाच महिने लावला, आता त्याच्या फोनमध्ये फोटो काढताना चित्र पाण्यासारखं हलतं आणि आतून टकटक येते. घरात जुना फोन पडलेला असेल तर त्यात ऑफलाईन मॅप उतरवून तो लावा, सातपुड्याकडे तोरणमाळला वगैरे जाताना रेंजची पण चिंता राहत नाही. पावसाळी पाऊच उन्हाळ्यात काढून ठेवा, त्यात फोन उकडतो.

दुकानात बसवून बघितल्यावर व्हेंट वाकतं की नाही ते इथेच खाली लिहा, वाकत असेल तर डॅशबोर्डचा समोरून एक फोटो टाका, एअरबॅगची जागा सोडून बेस नेमका कुठे बसेल ते बघून सांगतो.